पुण्यात बाळ सांभाळायचं काम: पहिलं घर कसं शोधायचं

तू काय विचारलंस ते आधी थोडक्यात सांगते, म्हणजे तुझ्यासारख्या दुसऱ्या बायकांनाही हे वाचून उपयोग होईल. तू बीड जिल्ह्यातली, वय 32, बारावी झालेली. गावच्या अंगणवाडीत तीन वर्षं बदली मदतनीस म्हणून काम केलंस. नवऱ्याच्या पाठीच्या दुखण्यामुळे यंदा ऊसतोड बंद झाली. सात वर्षांची मुलगी आहे, तिला आईकडे ठेवायचा विचार आहे. चुलत नणंद हडपसरला राहते, तिच्याकडे उतरता येईल. पुण्यातल्या एका ऑफिसने सांगितलंय की चोवीस तासांचं बाळ सांभाळायचं काम लगेच देतो, नोंदणीचे 5,000 रुपये भरा आणि आधार कार्ड जमा करा. पैसे भरू का, आणि नाही भरले तर काम कसं शोधू, हा तुझा प्रश्न. तू मला मावशी म्हणालीस, म्हणून मीही अगंतुगंच करते.

पैसे भरू नकोस. आधार कार्ड तर अजिबात हातातून सोडू नकोस. आणि चोवीस तासांचं काम सध्या धरू नकोस. याची कारणं सांगते, मग शोधायचं कसं त्याकडे वळते.

मी माण तालुक्यातून 2001 साली पुण्यात आले. तेव्हापासून बाळंच सांभाळली, सात घरांत मिळून नऊ लेकरं. सुरुवातीला मीही अशाच एका ऑफिसातून लागले होते. त्यांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशन कार्ड 'फाइलला लावायला' घेतलं. घर चांगलं नव्हतं, दीड महिन्यात सोडायचं म्हटलं, तर कागद परत मिळेनात. ते मिळवायला चार महिने गेले, आणि तेवढे दिवस मी त्या घरी निव्वळ कागदांपायी राहिले. म्हणून सांगते, मूळ कागद कुणालाच द्यायचा नाही. झेरॉक्स द्यायची, तीही 'फक्त अमुक घरच्या कामासाठी' असं लिहून, तारीख घालून आणि आडवी सही करून.

सगळी ऑफिसं वाईट असतात असं नाही. सरळ काम करणारी माणसंही मला माहीत आहेत. त्यांची ओळख अशी की ते आपलं कमिशन घरवाल्यांकडून घेतात, बाईकडून नाही. घर कुठलं, बाळ केवढं, घरात माणसं किती हे पैशाची गोष्ट निघायच्या आधी सांगतात. आणि पगार तुझ्या खात्यात घरवाल्यांकडून थेट येतो, ऑफिसमार्फत फिरून येत नाही. तुझ्याकडे 5,000 मागणाऱ्याला एवढंच विचार: घराचा पत्ता आणि घरमालकिणीचा फोन आधी द्याल का? तो काय उत्तर देतो त्यावरून सगळं कळेल.

आता शोधायचं कसं. कुठल्या घराला कधी बाई लागते हे आधी समजून घे. नोकरी करणाऱ्या आईला 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. म्हणजे बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की ती कामावर परत जाते आणि चौथा महिना लागला की घरात शोधाशोध सुरू होते. त्याआधीच्या महिन्यांत तिच्या घरात बाहेरची कोण बाई येत असते? मालिशवाली. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी मावशी सव्वा महिना, कुठे तीन महिने रोज त्या घरी जाते. आईचा तिच्यावर विश्वास बसलेला असतो आणि 'तुमच्या ओळखीत कुणी चांगली आहे का हो?' हे ती पहिल्यांदा तिलाच विचारते. माझ्या सातपैकी चार घरं मला मालिशवाल्या मावश्यांमुळे मिळाली. हडपसरला आलीस की पहिल्या आठवड्यात अशा दोन-तीन मावश्यांना गाठ. नणंदेच्या वस्तीत एक तरी असणारच. त्यांच्याकडे काम मागू नकोस, नुसती ओळख कर, अंगणवाडीत काय करत होतीस ते सांग, नंबर दे.

दुसरी जागा म्हणजे सोसायटीची बाग, संध्याकाळी साडेपाच-सहाची. मगरपट्टा, अमानोरा, मुंढवा, केशवनगर, खराडी या पट्ट्यात आयटीतली जोडपी खूप आहेत आणि त्यांची लेकरं त्या वेळी बायकांबरोबर खाली येतात. आत सोडत नाहीत, पण त्या बायका सात वाजता सुटून मागच्या गेटने बाहेर पडतात. तिथे बोल. वॉचमनलाही नंबर देऊन ठेव, पण त्याने 'काम लागलं की पहिला पगार अर्धा' असं काही म्हटलं तर हो म्हणू नकोस. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या मुलीकडेही नंबर ठेवता येतो. आया तिथे लसीकरणाला तासतासभर बसतात आणि हा विषय हमखास निघतो.

आता सगळ्यात उपयोगाची वाट सांगते, कारण तुला ती सवयीची आहे: बदली. एप्रिल-मेमध्ये गावाकडे लग्नं आणि जत्रा असतात, पुढे गणपती, मग दिवाळी. बाळ सांभाळणाऱ्या बायका या दिवसांत आठ-पंधरा दिवस गावी जातात आणि घरवाल्यांची त्रेधा उडते. दहा दिवसांची बदली कुणी मागितली तर नाही म्हणू नकोस, पैसे थोडे कमी असले तरी. मात्र ज्या बाईच्या जागी गेलीस तिचं काम कधी काढून घ्यायचं नाही, घरवाल्यांनी दोन हजार जास्त देतो म्हटलं तरी. हे मी कळकळीने सांगते. आपल्यात बातमी एका दिवसात सगळीकडे होते, आणि जिने दुसरीचं घर मोडलं तिला पुढे कुणी बदलीला बोलावत नाही. बदली नीट केलीस तर तीच आई शेजारच्या इमारतीत तुझं नाव सांगेल. आमच्या कामात कागदी सर्टिफिकेटाहून 'या आमच्याकडे होत्या, निर्धास्त ठेवा' असा एका आईचा फोन मोठा. म्हणून पहिलं घर निवडताना पगाराआधी माणसं बघ. त्या घराच्या शब्दावर पुढची दहा वर्षं निघतात.

घर लांबचं घेऊ नकोस. हडपसरहून बाणेर, वाकड, हिंजवडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. पीएमटीने जायला दीड-दोन तास, पावसाळ्यात त्याहून जास्त. रोज उशीर होणारी बाई कितीही चांगली असली तरी टिकत नाही, कारण नऊच्या मीटिंगला बसायची आई दारात उभी असते. चालत किंवा एका बसने पोचता येईल असंच घर धर.

भेटायला बोलावलं की काय बोलायचं? तू लिहिलंयस, 'मला तसा काही अनुभव नाही.' असं पुन्हा कुणापुढे म्हणू नकोस. तीन वर्षं तू वीस-पंचवीस लेकरांची वजनं घेतलीस, वाढीच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यातलं बाळ पिवळ्यात उतरलेलं ओळखलंस, लसीच्या दिवशी आयांना बोलावून आणलंस, जुलाब झालेल्या पोरांना ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने पाजलंस. शहरातल्या पहिलटकरणीने यातलं काहीच केलेलं नसतं. हे सगळं तिला शांतपणे सांग. आणि जे येत नाही ते येत नाही म्हण. बाटल्यांचा स्टरलायझर, ब्रेस्ट पंप, कार सीट हे तू वापरलेलं नसणार. 'एकदा दाखवा, दुसऱ्यांदा विचारणार नाही' एवढं म्हटलं तरी पुरतं. येत नसताना येतं म्हणणाऱ्या बाईची आयांना भीती वाटते, आणि ती बरोबर आहे.

आईच्या काढलेल्या दुधाचं मात्र आधीच शिकून ये, कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या घरी पहिला प्रश्न हाच येतो. काढलेलं दूध साध्या खोलीत जास्तीत जास्त चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. पुण्याच्या एप्रिलच्या उन्हाळ्यात खोलीचा भरवसा धरू नये, काढलं की थेट फ्रिजला. बाटलीवर तारीख-वेळ लिहायची, जुनी बाटली आधी वापरायची. गॅसवर उकळायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करून कोमट करायचं. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांनंतर टाकून द्यायचं, जीव कितीही हळहळला तरी.

आता आपल्या गावाकडच्या पद्धतींचं. यावरून जेवढी घरं तुटताना मी पाहिली तेवढी पगारावरूनही नाही. आपण गुटी उगाळतो, धुरी देतो, डोळ्यांत काजळ घालतो, न्हाऊ घातल्यावर कानात-नाकात तेलाचे थेंब सोडतो. आपल्याला ती माया वाटते. आताचे डॉक्टर यातलं बरंच नको म्हणतात, आणि त्याला कारणं आहेत: नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं, धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो. मी एकदा सहा महिन्यांच्या बाळाला मधाचं बोट चाटवलं होतं. मला वाटलं, खोकला बसेल. आईने पाहिलं आणि ती रडायला लागली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, त्यातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते, हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. बाळाला काही झालं नाही. पण ती आई रात्रभर त्याच्याजवळ जागी बसली, ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून नियम केला की घरवाल्यांनी सांगितल्याशिवाय बाळाच्या तोंडात, डोळ्यांत, कानात काहीही घालायचं नाही. सहा महिन्यांच्या आत पाणीसुद्धा नाही.

यात एक अडचण येते. आई एक सांगते आणि आजी दुसरं. आई ऑफिसला गेली की आजी म्हणते, 'लाव गं काजळ, तिला काय कळतंय.' तिथे तू मध्ये पडू नकोस आणि लपूनही करू नकोस. 'आजी, ताई आल्या की तुम्हीच त्यांना विचारा, मग मी लावते,' असं मऊपणाने म्हणायचं. लपवलेलं बाहेर येतंच, आणि मग आजी घरात राहते, तुला जावं लागतं.

झोपवताना बाळ पाठीवर, उशी-गोधडीचा ढीग बाजूला नको. घशात काही अडकलं तर काय करायचं हे कुणाकडून तरी प्रत्यक्ष हाताने शिकून घे. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब, हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून बघावं लागतं. सरकारच्या कौशल्य प्रशिक्षणात 'चाइल्ड केअरटेकर' नावाचा अभ्यासक्रम आहे, तो जवळपास चालू असला तर कर. पण त्यासाठी काम शोधणं थांबवू नकोस.

बोलणी करताना बायका पगारावर अडतात आणि कामाचं बोलायचं विसरतात. मीही विसरले होते. 'फक्त बाळ बघायचं' म्हणून लागले आणि तीन महिन्यांत बाळाचे कपडे, मग सगळ्यांचे कपडे, मग संध्याकाळच्या पोळ्या माझ्याकडे आल्या. कुणी जबरदस्ती केली नाही. रोज एकेक काम 'जरा' म्हणून वाढत गेलं. म्हणून पहिल्याच दिवशी विचार: बाळाचं खाणं, कपडे, बाटल्या, खेळणी, खोली माझ्याकडे, स्वयंपाक, भांडी, झाडू-पोछा कुणाकडे? ते एका कागदावर लिहून घे आणि फोटो काढून ठेव. त्याच कागदावर वेळ किती ते किती, आठवड्याची सुट्टी कुठली, महिन्यातले किती खाडे कापायचे नाहीत, ते कुटुंब पंधरा दिवस फिरायला गेलं तर पगार चालू राहणार का, दिवाळीला बोनस किती, काम सोडायचं किंवा थांबवायचं तर दोन्हीकडून किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं असू दे. सुरुवातीचा आठवडा दोघींनी पारखायचा, पण त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. 'आठ दिवस फुकट बघू' म्हणणाऱ्या घरी जाऊ नकोस.

सुट्टी मागायला लाज वाटत असेल तर एक सांगते. याच पुण्यात 1980 साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. पगारवाढीसाठी आणि आजारपणातल्या सुट्टीसाठी. माझ्या आधीच्या पिढीच्या त्या बाया, त्यातल्या कितीतरींना सही येत नव्हती. आज कोथरूड-सदाशिव पेठेत पगारी सुट्टी म्हटलं की कुणी दचकत नाही, ते त्यांच्यामुळे.

हडपसर-खराडीकडे माझ्या ओळखीतल्या बायका दिवसाच्या आठ-नऊ तासांना 12,000 ते 18,000 घेतात. जुळी असतील, किंवा बाळ अगदी लहान असेल तर वर. चोवीस तासांना 20,000 ते 28,000. पहिल्या घरी तू 13,000 च्या आसपास बोल आणि सहा महिन्यांनी वाढ हे त्याच कागदावर लिहून घे. पगार बँकेत किंवा फोनवरून खात्यात घे, रोख नको. पुढे कर्ज काढताना आणि भांडण झालं तर तोच पुरावा. आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊ नकोस. ऊसतोडीतल्या बाईला उचल काय असते हे मी वेगळं सांगायला नको. इथे मुकादम नसतो, गोड बोलणारं घर असतं, पण 30,000 अंगावर घेतले की खाडे मोजताना, सुट्टी मागताना तुझा आवाज आपोआप खाली जातो.

घरवाले पोलीस पडताळणी करतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. छातीचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी मागतील, तीही योग्यच आहे, फक्त खर्च त्यांनी करायचा. कॅमेरे असतात. कुठे-कुठे आहेत ते सरळ विचार. तू कपडे बदलतेस तिथे कॅमेरा असता कामा नये. बाहेरून कुलूप लावून जाणाऱ्या घरात एक दिवससुद्धा थांबू नकोस. बाळ तुझ्या हातात आहे, आग लागली तर? दारामागे चिकटवून ठेवायला लाव: आईबाबांचे नंबर, डॉक्टर, शेजारी, 112 आणि रुग्णवाहिकेचा 108.

घरातल्या कुणा पुरुषाची नजर, हात, बोलणं वावगं वाटलं तर तू तिथून निघ, पगार नंतर मिळवू. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, आणि घरकामगार बाईच्या तक्रारीत तथ्य दिसलं तर समितीला ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावी लागते. हे कायम ध्यानात ठेव.

कागदपत्रांचं थोडक्यात. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदव, फुकट आहे. राज्यात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ झालंय, 18 ते 60 वयाच्या बायकांची नोंदणी होते, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी कर. पहिलं घर लागलं की मालकिणीकडून काम करत असल्याचा दाखला घे. बँकेत वर्षाला 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा मिळतो, दोन्ही 2 लाखांचे. नवऱ्याची पाठ गेलेली आहे, कमावणारी तू एकटी, तेव्हा हे पहिल्या पगारातच कर.

आता चोवीस तासांच्या कामाचं. पैसे जास्त दिसतात, खोलीभाडं वाचतं, खाणं होतं, हे मला कळतं. मीही तसंच केलं होतं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, सासूबाईंकडे ठेवलेला. दोन वर्षं मी कोथरूडला एका गोड मुलीला रात्री थोपटून झोपवत होते. ती माझ्या कुशीशिवाय झोपत नसे. गावी फोन लावला की आधी मुलगा धावत यायचा, मग 'खेळतोय म्हणून सांग' असं त्याचं बोलणं मागून ऐकू यायचं, मग सासूबाई नुसत्या 'बरा आहे' म्हणायच्या. मी परत गेले तेव्हा तो मला बिचकत होता. नंतर सगळं सावरलं, पण ती दोन वर्षं मला कुणी परत दिली नाहीत. पैसे मात्र तेव्हाच्या घराच्या पत्र्याला लागले, हेही खरं.

तुला नणंदेचा आधार आहे, तो माझ्याकडे नव्हता. म्हणून दिवसाचंच काम धर. आत्ता एकटी ये, बदल्या करत-करत उन्हाळ्यात एक घर पक्कं कर, आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या वेळी मुलीला घेऊन ये. महापालिकेच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत फी नाही, आणि गावच्या शाळेचा दाखला हातात नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरी तो निघताना काढून ठेव. घरवाल्यांशी वेळ बोलताना तिची शाळा सुटायची वेळ आधी सांग. ती सुटल्यावर तुझी सुट्टी होईपर्यंत नणंदेकडे बसेल का, हे नणंदेला आजच फोन करून विचार. तिने हो म्हटलं की मला कळव, मांजरी आणि हडपसर गाडीतळाकडच्या दोन मालिशवाल्या मावश्यांच्या कानावर मी तुझं नाव घालून ठेवते.